"आता या वयात कशाला?" हे आजींना विचारलंत का?

सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या स्तनात गाठ सापडली की घरात हमखास एक वाक्य ऐकू येते: "आता या वयात कशाला चिरफाड?" हे मायेपोटी बोलले जाते, मान्य. पण त्याची किंमत बोलणारा नव्हे, ती बाई मोजते.

"म्हातारपणी कॅन्सर हळू वाढतो." बऱ्याचदा खरे आहे, पण तो वाढायचा थांबत नाही. सत्तरीची धडधाकट स्त्री आणखी दहा वर्षे सहज जगू शकते. तेवढ्या काळात गाठ त्वचा फोडून बाहेर येऊ शकते, जखम वाहते, वास येतो. हाडांत पसरला तर मणकेही मोडतात.

"ऑपरेशन झेपणार नाही." खुब्याचे हाड मोडले तर ऐंशीच्या आजींचेही ऑपरेशन आपण करून घेतोच ना? स्तनाचे ऑपरेशन शरीराला त्याहून सोपे जाते. त्यात पोट किंवा छाती उघडावी लागत नाही.

"केमोने हाल होतील." उतारवयातले बहुतेक स्तनाचे कॅन्सर हार्मोनवर वाढणारे असतात. त्यांत अनेकींना केमो लागतच नाही. लेट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी, साधारण ५ वर्षे. ऑपरेशन खरोखरच अशक्य असेल तरी ही गोळी अशी गाठ बराच काळ आटोक्यात ठेवू शकते. मात्र लेट्रोझोलने हाडे ठिसूळ होतात, त्यांची तपासणी हवी. टॅमॉक्सिफेन चालू असताना अंगावरून रक्त गेले तर लगेच दाखवा.

रेडिएशनही प्रत्येकीला लागत नाही. अमेरिकेत सत्तरीपुढच्या, २ सेंटीमीटरपर्यंतची हार्मोनवर वाढणारी गाठ काढलेल्या आणि टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास झाला. १० वर्षांनी रेडिएशन घेतलेल्या १०० पैकी ९८ जणींत आणि न घेतलेल्या ९० जणींत त्या जागी कॅन्सर परतला नव्हता. आयुर्मानात फरक पडला नाही.

म्हणजे उपचार कमी करता येतात, पण ते तपासून ठरवायचे असते. त्यासाठी बायोप्सी हवीच. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा.

निर्णय जन्मतारखेवर घेऊ नका. हृदय, किडनी, चालणे-फिरणे, स्मरणशक्ती कशी आहे ते पाहा. आणि सर्वांत आधी आजींना विचारा. रिपोर्ट लपवून मुलांनी परस्पर "नको" म्हणणे ही माया नव्हे. सगळे समजून त्या स्वतः नको म्हणाल्या, तर तो त्यांचा हक्क आहे. पण आजार त्यांचा आहे, तेव्हा उत्तरही त्यांचेच हवे.

गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. याच आठवड्यात दाखवा.