बटण मोडलें म्हणून संगणक टाकावा काय?

मेजावरील संगणकाचें दर्शनी बटण मोडलें कीं यंत्रच निकामी झालें असें समजून तें भंगारांत घालण्याची घाई होते. ही घाई आम्हांस अप्रशस्त वाटते. सन १९९५ मध्यें इंटेल कंपनीनें एटीएक्स रचना प्रसिद्ध केली. त्या रचनेंत हें बटण दारावरील घंटेच्या बटणासारखें आहे. मदरबोर्डावरील दोन पिना तें क्षणभर जोडतें, एवढेंच. यंत्र बंद दिसलें तरी आंत ५ व्होल्टांचा क्षीण पुरवठा जागा असतो व या इशाऱ्याची वाट पाहतो.

इशारा बटणानेंच द्यावा असें थोडेंच आहे! तशी सोय आधीं चालू केली असल्यास जाळ्यावरून हांक मारतां येते. त्या हांकेंत २५५ हा अंक ६ वेळां व मागून यंत्राचा स्वतःचा पत्ता १६ वेळां येतो. बायॉसमध्यें योजना केल्यास वीज परत येतांच यंत्र आपोआप उठतें. परंतु आमच्या मतें उत्तम उपाय याहून साधा आहे: पेटीवर रीसेटचें बटण असल्यास त्याची तार या दोन पिनांवर बसवावी. खर्च कांहींच नाहीं.

स्क्रूड्रायव्हरच्या टोकानें पिना जोडण्याची युक्ति विद्यार्थी चटकन् उचलतात. मदरबोर्डाची पुस्तिका पाहिल्यावांचून व वडील माणूस जवळ असल्यावांचून ती करूं नये. वीजपुरवठ्याची पेटी तर उघडूंच नये, कारण तार काढल्यावरही तींतील कपॅसिटरांत घातक भार राहूं शकतो. पालकांनीं मात्र नवें यंत्र घेण्यापूर्वीं दुरुस्ती करणारास रीसेटच्या तारेविषयीं अवश्य विचारावें.