तेजस्वी उल्का दिसली? आधी नोंद करा, मग फॉरवर्ड

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे ओळीने सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असा अंदाज नंतर पुढे आला. त्या रात्री व्हिडिओंचा नुसता पाऊस पडला. पण व्हिडिओ कुठून घेतला, किती वाजता, तोंड कोणत्या दिशेला होते, हे त्यांतल्या कितींसोबत लिहिलेले होते?

आता 28 जानेवारी 1976 ची रात्र पाहा. गुजरातवरून एक प्रखर अग्निगोल गेला आणि धजाला गावाच्या परिसरात अशनी कोसळले. मोबाइल कुणाकडेच नव्हता. शास्त्रज्ञांनी प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यावरून त्याचा मार्ग मांडला आणि तो दगड सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरत होता, याचेही गणित केले. साध्या माणसांनी पाहिलेले एवढे कामाला येते!

ही नोंद करण्याची सवय आपल्या हौशी आकाशनिरीक्षकांतूनही सुटत चालली आहे. ती टिकवा, एवढेच मागणे आहे. छायाचित्रणाला माझा विरोध नाही. पण आकाशगंगेचा फोटो उद्याही काढता येईल, गेलेली उल्का परत येत नाही. शिवाय एका ठिकाणाहून फक्त दिशा कळते. अकोल्याची आणि नागपूरची नोंद जुळली, तरच उंची आणि मार्ग हाती लागतो. तुमची एकटी, किरकोळ वाटणारी नोंद दुसऱ्याच्या नोंदीला अर्थ देते.

शुक्राहूनही तेजस्वी उल्का दिसली, तर जागचे हलू नका. घड्याळ पाहा. ती कुठे उगवली, कुठे विझली, हे तारे, इमारत, झाड यांच्या खुणेने पक्के करा. हात लांब करून धरलेली मिटली मूठ म्हणजे साधारण 10 अंश. क्षितिजापासून किती मुठी, ते मोजा. रंग, तुकडे, मागे राहिलेला धूर लिहा. मग तीन-चार मिनिटे कान देऊन थांबा, कारण 35 किलोमीटर उंचीवरचा आवाज खाली यायलाच पावणेदोन मिनिटे लागतात. ‘शेजारच्या शेतात पडली’ असे हमखास वाटते. बहुतेक वेळा ती कित्येक किलोमीटर उंचावर विझलेली असते. आणि किती वेळ दिसली, हे तर विसरूच नका. उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांत संपते. अर्धा-एक मिनिट रेंगाळणारे तुकडे दिसले, तर उपग्रहाचा किंवा रॉकेटचा संशय घ्यावा.

नोंद आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या ऑनलाइन अर्जात भरा. जागतिक वेळ द्यायची असेल तर भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. एक प्रत जवळच्या खगोल मंडळाला द्या. मंडळांनीही जुन्या वह्या रद्दीत न घालता स्कॅन कराव्यात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. एवढी जुनी परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे अवघड नाही.

ऑगस्टमधला ययाती तारकासमूहाचा उल्कावर्षाव आपल्याकडे ढगांतच जातो. मिथुन राशीचा मात्र डिसेंबरच्या 13-14 तारखेला, स्वच्छ थंडीत येतो. त्या रात्री सतरंजीवर एक वही ठेवा आणि जो सर्वांत नवखा असेल, त्यालाच लिहायला बसवा.