शांत गावाचं कौतुक बंद करा

निसर्गाच्या कुशीतलं शांत गाव, असं कुणी लिहिलं की मी विचारतो : ही शांतता कुणाच्या तोंडावर हात ठेवून आणलीय?

नाशकात द्वारका चौकात आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. शनिवारी तिथं उभं राहून बघा. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगराकडं निघालेल्या गाड्या, आत हसणारी कुटुंबं, जेवणाचे डबे. आणि त्याच चौकात बोचकी घेऊन उतरणारी आपली माणसं, गाव सोडून आलेली. एकाला गावात जाऊन जीव रमवायचाय, दुसऱ्याला गावातून निघून जीव जगवायचाय. लिखाण मात्र पहिल्याचंच छापून येतं.

मीही गेलो होतो गेल्या श्रावणात, सूतगिरणीतल्या सोबत्यांबरोबर. गावाचं नाव सांगत नाही, कुठलंही धरा. डोंगर देखणा, खोटं कशाला बोलू? भातखाचरं भरलेली, कड्यावरून पाण्याच्या धारा, ढग पार कौलांवर उतरलेले. पण चहाच्या आधी आडनाव विचारलं गेलं. आडनाव कळलं आणि कप बदलला. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. सगळं शांततेत झालं.

आपली वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला. तिथली म्हातारी म्हणाली, "बोललं की कामाला नही बोलवत, बाबा. मंग गप बसायचं." गावाच्या शांततेचं सगळं अर्थशास्त्र म्हातारीनं सांगून टाकलं. जमीन त्यांची, मजुरी त्यांच्या हातात, म्हणून तोंड आमचं बंद.

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत खेड्याचं हे सोंग फाडलं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाचा अड्डा, असं तोंडावर सांगितलं आणि मसुद्यानं गाव टाकून व्यक्ती हा घटक धरला याचा आनंद बोलून दाखवला. खेड्याचे भक्त तेव्हा चिडले, अजून चिडतात.

चिडोत. खैरलांजीच्या शिवारातही भात डुलतो. तिथं 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा जीव घेतला. सोनईत 1 जानेवारी 2013 ला मेहतर समाजाची तीन पोरं मारली, एकाचं प्रेत संडासाच्या टाकीत सापडलं. तो खटला इथं नाशकात चालला, जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली गेली. रस्त्यावरून जाणाऱ्याला ही गावंही शांतच दिसली असतील.

मग आम्ही डोंगर बघूच नये काय? बघा. डोंगर कुणाच्या बापाचा नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातले. त्यांनीही ही हिरवळ पाहिली आणि विचारलं, पडीक जमीन कसणाराला का देत नाही? 1964 च्या डिसेंबरात त्याच प्रश्नावर भूमिहीनांनी तुरुंग भरले. गाव बघायचं ते असं.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, गावाला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारून या. पाणी कुठून भरता? मढं कुठं जाळता? सातबारा कुणाच्या नावावर? उत्तरं वहीत उतरवा, मग वाटलं तर धबधब्यावर कविता करा. ही तीन उत्तरं न आणता लिहिलेली गावाची कविता आपल्या अंकात छापू नये, असं माझं रोखठोक म्हणणं आहे.

जयभीम.