मुखवटा तोच, हात निराळे

वेताळाच्या कथा ज्यांनी बालपणी वाचल्या असतील, त्यांस त्यांतील मर्म ठाऊकच आहे. अरण्यातील लोक ज्याला अमर समजतात तो वेताळ हा वस्तुतः एक मनुष्य नसून एक घराणे आहे. पिता निवर्तला की पुत्र तोच पोशाख व तोच मुखवटा धारण करतो. कथेतील आपला वेताळ हा त्या परंपरेतील एकविसावा पुरुष. वाचकाला हे गुपित माहीत असते. परंतु वेताळाला कागदावर उतरविणारे हातही असेच एकामागून एक बदलत गेले, हे मात्र त्याच्या सहसा ध्यानी येत नाही. ली फॉक यांनी १९३६ साली ही कथा आरंभली आणि १९९९ साली निधन होईपर्यंत तिचे लेखन केले. चित्रे मात्र प्रथम रे मूर यांची, मग विल्सन मॅकॉय यांची, आणि त्यांच्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ साय बॅरी यांची. मॅकॉय यांचा वेताळ साध्या, ठसठशीत रेषांचा. बॅरी यांचा बांधेसूद आणि छायाप्रकाशात खुलणारा. मुखवटा एकच, पण त्यामागील चेहरा प्रत्येक वेळी निराळा.

जेथे एक वीर नसून वीरांचा संघ असतो, तेथे हा पालट कथेतच उघड दिसतो. अमेरिकेत १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'अ‍ॅव्हेंजर्स' या पाच अतिमानवी वीरांचा संघ निर्माण केला. दुसऱ्याच अंकात हल्क रागावून बाहेर पडला. चौथ्यात कॅप्टन अमेरिका आला. आणि १९६५ साली, सोळाव्या अंकात, उरलेले सारे संस्थापक निघून गेले. कॅप्टनच्या हाती राहिले तिघे नवखे, आणि तेही पूर्वी शत्रुपक्षात वावरलेले! इकडे कर्बी यांनीही आठ अंकांनंतर चित्रांचे काम डॉन हेक यांच्याकडे सोपविले होते. मराठी वाचकास यात नवल वाटण्याचे कारण नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली; 'सौभद्र' मात्र पुढेही रंगतच राहिले.

आपल्याकडे वेताळ घरोघरी पोहोचला तो १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे. त्या उपक्रमाशी संबंधित असलेले अनंत पै पुढे 'अमर चित्रकथे'चे संपादक झाले. बंगळूरच्या जयनगरसारख्या भागात घरी मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा त्रिवेणी संगमावर मुले वाढतात. त्यांना एक कोडे घालून पाहावे: अमर चित्रकथेची इंग्रजी मालिका 'कृष्ण' या अंकाने सुरू झाली, तर त्या अंकाचा क्रमांक ११ कसा? उत्तर त्यांच्याच शहरात आहे. आधीचे दहा अंक येथे, १९६५ च्या सुमारास, कन्नडमध्ये निघाले होते. ग्रंथविक्रीच्या व्यवसायातील जी. के. अनंतराम यांनी ही कल्पना 'इंडिया बुक हाऊस'पुढे मांडली होती. ते अंक म्हणजे पाश्चात्त्य परीकथांची रूपांतरे होती. अर्थात्, या थोर मालिकेचा पाया भाषांतरकारांनी घातला, असे म्हणण्यास हरकत नाही.

'कृष्ण'ची संहिता पै यांची आणि चित्रे राम वाईरकर यांची. पुढे 'टिंकल'मधील सुप्पंडीलाही वाईरकरांनीच रूप दिले. अमर चित्रकथेचे दुसरे नामवंत चित्रकार म्हणजे पुण्याचे प्रताप मुळीक. पौराणिक वीर रेखाटणारा त्यांचा कुंचला ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या 'राज कॉमिक्स'च्या नागराजाकडे वळला. परशुराम शर्मा यांची कथा आणि मुळीकांची चित्रे यांतून देशोदेशी हिंडून दहशतवाद्यांचा नाश करणारा नागराज घडला. नव्वदच्या दशकाच्या मध्यास ही धुरा अनुपम सिन्हा यांच्याकडे आली आणि तोच नागराज महानगरात 'राज' या नावाने नोकरी करू लागला. नाव तेच, परंतु वीराचा स्वभाव, संसार आणि जग सारेच पालटले. 'आमच्या वेळचा नागराज निराळा होता' असे एखादा काका म्हणतो, तेव्हा तो केवळ गतकाळाची हळहळ व्यक्त करीत नसतो. त्याच्या नकळत तो एका चित्रकाराची ओळख सांगत असतो.

मग ही ओळख नावानिशी का असू नये? जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघा तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरांना विकले. सुपरमॅनने पुढे अमाप द्रव्य मिळविले, पण त्याच्या जनकांची नावे कथेवरून लोप पावली. ती परत येण्यास १९७५ साल उजाडावे लागले, आणि तोवर दोघांनाही वृद्धत्वाची व दारिद्र्याची झळ लागली होती. नाव छापणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. श्रमाचे मोल मागण्याचा पहिला आधार तोच असतो.

यास्तव सुज्ञ पालकांस आमची एक सूचना आहे. सुटीच्या दिवसांत जुन्या चित्रकथा रद्दीत घालण्यापूर्वी एकाच वीराचे, निरनिराळ्या वर्षांचे दोनतीन अंक मुलांपुढे मांडावेत. डोळे, हात, वस्त्राच्या चुण्या, पाठीमागची झाडे यांत फरक कोठे पडला, ते त्यांना शोधू द्यावे. मग आतल्या पानावर बारीक अक्षरात लेखकाचे व चित्रकाराचे नाव असेल तर ते मोठ्याने वाचून घ्यावे. भाषांतरकाराचे नाव क्वचितच आढळेल, आढळल्यास तेही वाचावे. नाव नसल्यास 'हे कोणी काढले असेल?' असे मुलाने विचारले, तरी त्या दुपारचे सार्थक झाले असे समजावे.