रिपोर्ट नॉर्मल, तरी ती थकलेलीच

ताप उतरला, रिपोर्ट नॉर्मल आले, की माणूस बरा झाला असं आपण धरून चालतो. त्यानंतरही कोणी "थकले गं" म्हणत राहिलं, तर पहिल्या महिन्यात मोसंबीचा रस मिळतो, तिसऱ्या महिन्यात सल्ले आणि सहाव्या महिन्यात टोमणे. ती घरची सून असेल तर सहा महिनेही लागत नाहीत. मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे की हा थकवा खरा आजार आहे. त्याला आळस म्हणणं आपण बायकांनीच आधी थांबवायला हवं, कारण बोलणाऱ्यांत आपणच पुढे असतो.

हे मी नुसत्या मायेपोटी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये यूके बायोबँक म्हणून आरोग्याच्या माहितीचा मोठा साठा आहे. त्यातल्या बऱ्याच लोकांचे मेंदूचे एमआरआय कोविड येण्याआधीच काढून ठेवलेले होते. पुढे 51 ते 81 वयाच्या 785 जणांचा एमआरआय पुन्हा काढला. मधल्या काळात त्यांतल्या 401 जणांना कोविड होऊन गेला होता, बाकीच्यांना नाही. मी कॉमर्सची, त्यामुळे मला हे लगेच पटलं. आरंभीची शिल्लक माहीत असेल तरच घट किती ते सांगता येतं. 2022 मध्ये निकाल छापून आला. कोविड झालेल्यांत, वास आणि स्मरणाशी संबंध असलेल्या मेंदूच्या काही भागांत 0.2 ते 2 टक्के जास्त घट दिसली. यांतल्या बहुतेकांना दवाखान्यात दाखलही व्हावं लागलं नव्हतं. ही सरासरी आहे, प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. थकव्याचं कारण सापडलं असंही यावरून म्हणता येत नाही. पण साध्या वाटलेल्या दुखण्याचीही मेंदूत खूण राहू शकते, एवढं तरी आता कोणी नाकारू नये.

आणि हे कोविडपासूनच सुरू झालं असंही नाही. 1955 साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये 292 कर्मचारी एकाएकी आजारी पडले, त्यात नर्स पुष्कळ. हॉस्पिटल काही आठवडे बंद ठेवावं लागलं. कित्येकींचा थकवा नंतर गेलाच नाही. 1970 मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, त्या रुग्णांना स्वतः न तपासता, जुने कागद पाहून लिहिलं की हा हिस्टेरिया होता. बायका जास्त होत्या, हे त्यांच्या कारणांपैकी एक! वाचून माझा संताप झाला.

आमच्या ओळखीतल्या एका घरातली सून शिक्षिका आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये तिला कोविड झाला, घरीच बरी झाली. दोन वर्षांनीही बोलता बोलता तिला 'गाळणं' हा शब्द आठवत नव्हता, "ते चहाचं, ते" म्हणायची. सासूबाई प्रेमळ आहेत, पण चालल्याने ताकद येते म्हणून रोज पहाटे तिला फिरायला न्यायच्या. एखाद्या दिवशी ती छान चालायची, घरी येऊन पोळ्याही करायची. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणात. "काल तर चांगली होतीस!" हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल!

या आजाराची खोच इथेच आहे. खर्च आज होतो आणि वहीत नावे पडतो दोन दिवसांनी. श्रम अंगाबाहेर गेले की त्याचा फटका उशिरा बसतो आणि दिवसेंदिवस टिकतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने 2021 च्या ऑक्टोबरमध्ये, अशा जुनाट थकव्याच्या आजारात व्यायाम ठरवून वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली. त्याऐवजी आहे तेवढ्या ताकदीत दिवस बसवायला सांगितलं. म्हणजे दमण्याआधी थांबायचं, दमल्यावर नाही.

तपासण्या मात्र टाळू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, आणि आपण पक्के शाकाहारी असल्याने बी-12 तर हवंच. यांत काही निघालं तर त्यावर औषध आहे. काही निघालं नाही, तर या तपासण्यांत निघालं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पर्युषणात अशा बाईला "एवढी अठ्ठाई कर, सगळं जाईल" म्हणणाऱ्या भेटतात. आपल्या सोळाकारण भावनांत शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप अशा दोन भावना आहेत. दोन्हींच्या आधी 'शक्तितः' लावलेलं आहे, म्हणजे आपापल्या शक्तीप्रमाणे. ती शक्ती किती, हे जिचं शरीर तिलाच कळणार. शेजारणीला नाही.

घरात करायचं काय? ओट्याशी उंच स्टूल ठेवा, कणीक बसून मळू दे. पाहुणे तिला विचारून बोलवा. जरा बरं वाटलं म्हणून ती त्याच दिवशी माळा आवरायला निघाली तर तिला थांबवा. पोळ्यांना बाई लावावी लागेल, खर्च येईल, हे मला मान्य आहे. तो औषधाच्या बिलात धरा.