पंचच खेळाडूचा भागीदार झाला तर?

अमेरिकेच्या सरकारने २२ ऑगस्ट २०२५ रोजी संगणकाच्या चिप बनविणाऱ्या इंटेल कंपनीत सुमारे दहा टक्के भागीदारी घेण्याचे जाहीर केले. ४३ कोटी ३३ लाख शेअर, प्रत्येकी २०.४७ डॉलर, एकूण ८.९ अब्ज डॉलर! जगाला खासगीकरणाचे धडे देणारी अमेरिका स्वतःच खासगी कंपनीची भागीदार झाली. आमच्याकडील उदारीकरणाच्या भाटांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा.

हा पैसा नवा नव्हता. २०२२ च्या चिप्स कायद्याखाली मंजूर झालेले, पण न दिलेले ५.७ अब्जांचे अनुदान आणि सुरक्षित चिपच्या सरकारी योजनेतील ३.२ अब्ज, यांच्या बदल्यात सरकारने शेअर मागितले. ही मागणी आम्हाला मुळीच गैर वाटत नाही. कराचा पैसा जनतेचा आणि नफा मात्र मालकाचा, हा कोणता न्याय?

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. एएमडी आणि एनव्हिडिया हे इंटेलचे स्पर्धक. चीनला प्रगत चिप विकण्याचा परवाना त्यांना याच सरकारकडून घ्यावा लागतो. त्याच ऑगस्ट महिन्यात या परवान्यांच्या मोबदल्यात विक्रीतील १५ टक्के वाटा सरकारला देण्याचे ठरले. एकाशी भागीदारी, दुसऱ्याकडून वसुली! स्वतःच्या खटल्यात कोणीही न्यायाधीश होऊ शकत नाही, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आहे. एएमडीला बाजारात रोखल्याच्या आरोपावरून युरोपीय आयोगाने २००९ साली इंटेलला १.०६ अब्ज युरोंचा दंड केला होता. तो पुढे न्यायालयात टिकला नाही; पण आयोग इंटेलचा भागीदार नव्हता, म्हणून निदान चौकशी निर्भयपणे झाली. उद्या भागीदार सरकार अशी चौकशी करील काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियानेही इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. स्पर्धकच एकमेकांचे भागीदार झाले, तर ग्राहकाने दाद कोणाकडे मागायची? शिवाय इंटेलच्या संचालक मंडळावर सरकारला जागा नाही. काही अपवाद सोडले तर मतदानही मंडळाच्या बाजूनेच करायचे. म्हणजे शेअर जनतेचे आणि आवाज मालकांचा!

आमच्या देशात तर शेअरही नाहीत. साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाचा ५० टक्के खर्च केंद्राने आणि २० टक्के गुजरात सरकारने उचलण्याचे २०२३ मध्ये ठरले. शंभरातले सत्तर रुपये जनतेचे. पण कारखाना खासगी, म्हणून नोकऱ्यांत आरक्षणाचे बंधन नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. सरकारने पैसा द्यावा, पण सर्व स्पर्धकांना एकाच नियमाने द्यावा. बदल्यात मिळणारे शेअर परवाने देणाऱ्या खात्याकडे नव्हे, तर कायद्याने स्थापन केलेल्या स्वतंत्र संस्थेकडे असावेत. आणि जिथे जनतेचा पैसा, तिथे वंचितांच्या नोकरीची लेखी अट असावी. अनुदानाच्या करारावर सही होण्यापूर्वीच ही मागणी झाली पाहिजे. सही झाल्यावर फक्त निवेदने उरतात.