गाडीची गाळणी

व्यापारी घरात दिवाळीला नवी वही येते, वजनकाट्याची तपासणी वेळेवर होते; परंतु ज्या गाडीवर आपला माल आणि आपला शब्द दोन्ही चालतात, तिच्या इंजिनाकडे ती बंद पडेपर्यंत कोणी पाहत नाही. हा दोष मी इतरांचा म्हणून सांगत नाही. तो माझा आहे.

आमची डिझेल पिकअप १६ वर्षांची. कोल्हापुराहून रत्नागिरीस गूळ जातो, परतताना नारळ येतो. गाडीवरचे मामा पहिल्या दिवसापासून आमच्याकडे आहेत. गेल्या श्रावणात त्यांनी दोनदा सांगितले, "शेठ, गाडी चढाला ओढत नाही. डिझेल फिल्टर बदलायला पाहिजे." मी दोन्ही वेळा म्हटले, "पुढच्या फेरीनंतर बघू." मनात निराळेच होते. मामांचे वय झाले. पावसाळ्यात आंबा घाटाची फेरी त्यांना नकोशी झाली असेल, असा माझा तर्क.

तिसऱ्या फेरीत साखरप्याहून घाट चढताना, भरल्या मालासह गाडी दम तोडत थांबली. चाकांना दगड लावून मामांनी ती रात्र केबिनमध्ये काढली. सकाळी माल दुसऱ्या गाडीत चढवला आणि आमची पिकअप ओढून आणली. तेव्हाही मी फोनवर त्यांनाच चार शब्द सुनावले.

रविवारी वखारीच्या अंगणात मिस्त्री आले. हा फिल्टर म्हणजे इंजिनाची गाळणी. पत्र्याच्या डब्यात घड्या घातलेला विशेष कागद असतो. तो डिझेलमधील कचरा अडवतो आणि पाणी तळाशी साचू देतो. डिझेल पंपाचे व इंजेक्टरचे भाग इतके बारीक जुळलेले असतात, की डोळ्यांना न दिसणारा कणही त्यांना झिजवतो. गाळणी तुंबली की सपाटीवर गाडी चालते. पण चढावर अधिक डिझेल लागते तेव्हा ते पुरेसे पोहोचत नाही.

इंजिन गार होते, बॅटरीची ऋण तार सोडलेली, खाली पत्र्याचे घमेले. तरी फिल्टर हलेना. हाताला डिझेल लागून पकड सुटे; पट्ट्याचा पानाही सटके. डबा खालून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. वरून वाकून पाहणाऱ्याला ती दिशा उलटी भासते, आणि घाईत माणूस तो अधिकच आवळतो. मिस्त्रींनी शेवटी स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकण्याचा विचार केला. मामांनी त्यांना थांबवले. पत्रा फाटला तर डिझेल सांडेल आणि वरची कडी मात्र तशीच अडकून राहील. त्यांनी डब्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळला, पाना वरच्या कडेजवळ, जेथे डबा कमी दबतो तेथे बसवला आणि झटका न देता संथ जोर लावला. करकर आवाज झाला आणि फिल्टर सुटला.

त्यांनी त्यातील द्रव काचेच्या बरणीत ओतला. थोड्या वेळाने दोन थर वेगळे झाले: वर डिझेल, तळाशी गंजमिश्रित तांबूस पाणी. माझ्या मुलाने विचारले, "टाकीत पाणी आले कुठून?" मिस्त्री म्हणाले, "टाकी नेहमी रिकामी ठेवता. पावसाळ्यात आतली दमट हवा रात्री गार होते, तिचेच पाणी होते."

टाकी रिकामी ठेवण्याचा हुकूम माझाच होता. 'लागेल तेवढेच डिझेल भरा', ही माझी काटकसर. फिल्टर लांबणीवर टाकणारा मीच, पाणी साचू देणारा मीच, आणि बोल मात्र मामांना.

पुढील काम त्यांनीच केले. जुनी रबरी कडी वर चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहिले. तीवर दुसरी बसली तर गळती ठरलेली. नव्या कडीला डिझेलचे बोट लावले, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवला आणि मग डब्यावर छापलेल्या सूचनेप्रमाणे आवळला, पान्याशिवाय. "मागच्या वेळी कोणीतरी पान्याने आवळला, म्हणून आज एवढी मेहनत," ते म्हणाले. मग हवेचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहिले. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले, तेव्हा स्क्रू बंद केला. दुसऱ्या प्रयत्नात गाडी चालू झाली. कोठे पाझर नाही ना, हे त्यांनी पुन्हा वाकून पाहिले. बरणीतले आणि घमेल्यातले गटारात न ओतता डब्यात भरून जुने तेल नेणाऱ्यासाठी ठेवले.

मुलासमोरच मी म्हटले, "मामा, चूक माझी होती." ते हात पुसत म्हणाले, "शेठ, मी सांगितलं होतं, तेवढंच माझं काम." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

आता वहीत गाडीचे स्वतंत्र पान आहे. त्यात फिल्टर बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरली जाते, फिल्टरच्या तळाचे पाणी वेळेवर काढले जाते. आणि फिल्टर कधी बदलायचा, हे मामा मला विचारत नाहीत. बदलतात आणि पावती ठेवतात. वाचकहो, आपल्या घरीही असा कोणी मामा काही सांगत असेल. त्याचे पहिल्या वेळीच ऐकावे. दुसऱ्या वेळेपर्यंत घाट येतो.